चित्रकार पडद्यावर, प्रेक्षक चित्रासमोर

(चित्रकारांवरील अनुबोधपटांचा रसास्वाद या विषयावर पुणे येथे केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



आधुनिक चित्रकलेचा विषय निघाला की चांगला सुशिक्षित माणूसही एक वाक्य हमखास बोलून जातो : 'आपल्याला बुवा त्यातले काही कळत नाही.' हेच वाक्य तो गाण्याच्या मैफलीत बोलत नाही. सवाई गंधर्व महोत्सवात रात्र जागविलेल्या कित्येक पुणेकरांना गायिल्या जाणाऱ्या रागाचे नाव सांगता येत नसे. पण म्हणून कोणी उठून जात नसे. शेजाऱ्याला हळूच विचारावे, समेवर मान डोलवावी आणि पुढच्या वर्षी पुन्हा यावे, असा तो परिपाठ होता. चित्राच्या वाट्याला मात्र एवढा धीर येत नाही. प्रदर्शनाच्या दालनात शिरलेला माणूस एका चित्रासमोर क्वचितच मिनिटभर थांबतो, चित्राखालची चिठ्ठी वाचतो आणि पुढे सरकतो.

याचा अर्थ मराठी माणसाला चित्राचे वावडे आहे असा नव्हे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना राज्यातील शाळाशाळांतून विद्यार्थी बसत आले आहेत. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द खेड्यातल्या मुलालाही ठाऊक असतात. तांब्या, पेला आणि दोन फळे यांची छाया नेमकी कोठे पडते, हे त्याने घाम गाळून शिकलेले असते. परंतु आपल्याच काळातल्या, आपल्याच राज्यातल्या एखाद्या थोर चित्रकाराचे मूळ चित्र पाहण्याचा योग त्याला शाळा सोडेपर्यंत, पुष्कळदा जन्मभर, येत नाही. हात शिकला, पण डोळ्याला संधी मिळाली नाही, अशी ही अवस्था आहे. ही उणीव काही अंशी भरून काढण्याचे सामर्थ्य ज्या एका साधनात आहे, ते साधन म्हणजे चित्रकारावरील अनुबोधपट. तो प्रेक्षकाने कसा पाहावा आणि त्यातून काय घ्यावे, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

वीस मिनिटांची ओळख

१९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि देशभरच्या चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी मान्यताप्राप्त लघुपट दाखविणे परवान्याच्या अटींनुसार बंधनकारक राहिले. पुण्याच्या प्रभात, विजय किंवा अलका चित्रपटगृहांत नायक-नायिकेसाठी गेलेल्या प्रेक्षकाने धरणे पाहिली, पूर पाहिले, नृत्ये पाहिली आणि कधीमधी एखादा चित्रकारही पाहिला. पुष्कळांनी तो वेळ शेंगदाणे खाण्यात घालविला हेही खरे. तरीही तिकीट न काढता, कोणाला न विचारता कलावंताची गाठ पडण्याची ती एक वाट होती.

या वाटेवरचा एक विलक्षण लघुपट म्हणजे 'थ्रू द आइज ऑफ अ पेंटर'. पंढरपूरला जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांनी तो १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनसाठी दिग्दर्शित केला आणि त्याच वर्षी बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला लघुपटासाठीचे 'सुवर्ण अस्वल' हे पारितोषिक मिळाले. राजस्थानातील गल्ल्या, वाडे, माणसे, जनावरे आणि त्यांच्यामध्ये अकस्मात उगवणारी छत्री, कंदील किंवा जोडा, असे त्याचे कृष्णधवल स्वरूप आहे. त्यात कथा नाही आणि अर्थ उलगडून सांगणारा निवेदकही सोबतीला येत नाही. 'या छत्रीचा अर्थ काय?' हा प्रेक्षकाचा पहिला प्रश्न असतो, आणि लघुपट त्याचे उत्तर देत नाही. परंतु तीच छत्री तिसऱ्यांदा दिसते तेव्हा प्रेक्षक अर्थ विचारणे विसरून तिचा गोल, तिच्या काड्या, तिच्यावरचे ऊन पाहू लागतो. चित्रकाराची नजर म्हणतात ती हीच. चित्रकाराविषयी काही न सांगताही त्याच्या डोळ्यांनी पाहावयास लावणे, हा अनुबोधपटाचा एक मार्ग झाला.

दुसरा मार्ग सत्यजित राय यांनी १९७२ साली 'द इनर आय' या सुमारे वीस मिनिटांच्या अनुबोधपटात दाखविला. शांतिनिकेतनचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी हे राय यांचे तेथील गुरू. त्यांची दृष्टी लहानपणापासूनच अधू होती आणि १९५७ च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतर तीही पूर्ण गेली. चित्रकाराचे डोळे जाणे याहून मोठी शोकान्तिका ती कोणती? राय यांनी मात्र प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणण्याचा सोपा उद्योग केला नाही. अंध झालेला हा कलावंत बोटांनी चाचपून काम कसे करतो आणि भाजलेल्या मातीच्या फरशांचे भित्तिचित्र कसे रचतो, हे त्यांनी शांतपणे दाखविले. हिंदी भवनातील मध्ययुगीन संतांच्या जीवनावरचे विनोदबाबूंचे प्रचंड भित्तिचित्र त्यांनी सावकाश, टप्प्याटप्प्याने नजरेखालून नेले. लघुपट संपतो तेव्हा प्रेक्षकाला कीव वाटत नाही, आदर वाटतो. पाहणे हे केवळ डोळ्यांचे काम नाही, हे त्याला कोणी न सांगता उमगलेले असते.

'साचा' : एक कवी, एक चित्रकार, एक शहर

ही दोन उदाहरणे जुनी झाली. महाराष्ट्राच्या, आणि विशेषतः पुण्याच्या, प्रेक्षकाला अधिक जवळचे उदाहरण म्हणजे २००१ सालचा 'साचा'. टाटा समाजविज्ञान संस्थेतील अध्यापक अंजली मोंतेरो व के. पी. जयशंकर यांनी तो तयार केला. गिरणी कामगाराच्या बोलीत साचा म्हणजे कापड विणण्याचा माग. या एकोणपन्नास मिनिटांच्या अनुबोधपटाचे तीन नायक आहेत : कवी नारायण सुर्वे, चित्रकार सुधीर पटवर्धन आणि मुंबई शहर.

सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ साली पुण्यात झाला. सशस्त्र दलांच्या पुण्यातील वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली ते डॉक्टर झाले. कोणत्याही कलाशाळेत न जाता ते स्वतःच चित्रकला शिकले, आणि पुढे अनेक वर्षे ठाण्यात क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून व्यवसाय करता करता त्यांनी चित्रे रंगविली. त्यांच्या चित्रांत देवदेवता नाहीत, राजवाडे नाहीत. लोकलच्या डब्यातले उतारू, इराण्याच्या हॉटेलात एकटाच बसलेला माणूस, रस्त्याच्या कोपऱ्यावरची गर्दी, नाल्याकाठची वस्ती, पुलाखालून जाणारे लोहमार्ग हे त्यांचे विषय. १९८१ साली मुंबई व दिल्ली येथे भरलेल्या 'प्लेस फॉर पीपल' या गाजलेल्या प्रदर्शनात सहभागी झालेल्या सहा चित्रकारांपैकी ते एक. सामान्य माणसाला चित्रात पुन्हा जागा मिळवून देणे, हा त्या प्रदर्शनाचा आग्रह त्याच्या नावातच होता.

दुसरे नायक नारायण सुर्वे. मुंबईत बेवारस सापडलेल्या या बालकाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने आपले नाव दिले. गिरणीतले काम, शाळेतली शिपाईगिरी आणि मग शिक्षकी अशा पायऱ्या चढत 'ऐसा गा मी ब्रह्म' आणि 'माझे विद्यापीठ' यांसारखे काव्यसंग्रह त्यांनी मराठीला दिले. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले आणि २०१० साली निवर्तले.

या दोघांच्या मागे उभे असलेले शहर बदलत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले; त्यानंतरच्या वर्षांत गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. 'साचा' तयार झाला तेव्हा गिरणगाव ओसरत चालले होते. ज्या माणसांवर एकाने कविता लिहिल्या आणि दुसऱ्याने चित्रे काढली, ती माणसेच शहरातून दिसेनाशी होत असताना त्या कवितेचे आणि चित्राचे काय करावयाचे? हा प्रश्न अनुबोधपट उघडपणे मांडतो. चित्रे, कविता, कलावंतांचे बोलणे आणि शहराच्या आठवणी यांचे धागे उभे-आडवे घालून तो विणला आहे. त्यामुळे त्याचे नाव केवळ शोभेचे राहत नाही.

येथे रसास्वादाचा खरा कस लागतो. आधुनिक चित्र कळत नाही म्हणणाऱ्या प्रेक्षकाला पटवर्धनांच्या चित्रातला माणूस ओळखीचा असतो. तो त्याच्या आळीत राहतो, कदाचित त्याच्या घरातच राहतो. मग अडते कोठे? अडते ते असे की, आपल्यासारखा माणूस चित्राचा विषय होऊ शकतो, या गोष्टीची त्याला सवय नसते. पडद्यावर चित्र आणि रस्ता पाठोपाठ येतात तेव्हा ही अडचण हळूहळू दूर होते. रस्त्यावरच्या माणसाचा वाकलेला खांदा चित्रात जड का झाला, गर्दीतल्या माणसांच्या नजरा एकमेकांना का भेटत नाहीत, हे प्रश्न प्रेक्षक स्वतःच विचारू लागतो. हे प्रश्न पडणे हाच रसास्वाद होय. उत्तरे मागाहून आली तरी चालतात.

पडदा काय दाखवितो, काय लपवितो

अनुबोधपटाचे हे गुण मान्य करूनही एक गोष्ट प्रेक्षकाने विसरू नये. पडद्यावर दिसते ते चित्र नव्हे. ते चित्राचे छायाचित्रण असते, आणि त्यात दिग्दर्शकाची निवड असते.

पहिली बाब आकाराची. वीतभर रेखाटन आणि भिंतभर चित्र पडद्यावर सारख्याच मापाचे दिसते. दुसरी बाब चौकटीची. पडदा आडवा असतो. उभे चित्र त्यात बसवावयाचे तर एक तर दोन्ही बाजूंना काळोख सोडावा लागतो, नाही तर चित्र कापावे लागते. तिसरी बाब गतीची. चित्र एकाच वेळी संपूर्ण समोर असते आणि कोठून सुरुवात करावयाची हे पाहणारा ठरवितो. कॅमेरा मात्र हातापासून निघून चेहऱ्यापर्यंत जातो आणि मग मागे सरकून संपूर्ण चित्र दाखवितो. मूळ चित्रात नसलेली उत्कंठा तो निर्माण करतो. चौथी बाब संगीताची. एकाच चित्राखाली सारंगी वाजविली तर ते उदास वाटते आणि ढोलकी वाजविली तर तेच उमदे वाटू लागते.

फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेने यांनी १९४८ साली व्हॅन गॉग या चित्रकारावर एक लघुपट केला. तो सर्वस्वी त्याच्या चित्रांतूनच उभा केलेला होता आणि त्याला ऑस्करही मिळाले. गंमत अशी की, ज्याचे नाव घेताच पिवळा आणि निळा रंग डोळ्यांपुढे उभा राहतो, त्या चित्रकारावरचा तो लघुपट कृष्णधवल होता! रंगाविना रेषेची ओढ आणि ब्रशाच्या फटकाऱ्याचा वेग अधिक जाणवला हे खरे. पण त्यावरून कोणी व्हॅन गॉगच्या रंगांविषयी मत बनवू लागला तर ते हास्यास्पद ठरेल.

आपल्याकडील रंगीत अनुबोधपटांच्या बाबतीत हा धोका निराळ्या रूपाने उभा आहे. पूर्वीच्या पुष्कळ रंगीत चित्रफितींचे रंग काळाच्या ओघात उडतात. निळे आणि हिरवे आधी जातात आणि सारे दृश्य लालसर होत जाते. अशा फितीवरून प्रेक्षक चित्रकाराच्या रंगदृष्टीविषयी निर्णय देतो आणि तो निर्णय फितीच्या वयाचा असतो, हे त्याच्या गावीही नसते. म्हणूनच फितींचे जतन हा केवळ तंत्रज्ञांचा विषय नाही. पुण्याच्या विधि महाविद्यालय रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय या कामाचे देशातील केंद्र ठरले. फिल्म्स डिव्हिजन व हे संग्रहालय यांचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण करण्याचा निर्णय अमलात आल्यानंतरही जुन्या फितींचे जतन व अंकीय रूपांतर हे काम तितकेच निकडीचे आहे. चित्रकाराची चित्रे खाजगी संग्रहांत विखुरली जातात. कित्येकदा त्याच्या कामाचा, त्याच्या हाताच्या हालचालीचा आणि आवाजाचा सार्वजनिक पुरावा म्हणून ही एक फीतच उरते.

पुण्याची शिकवण

चित्रपट पाहणे ही शिकण्याची गोष्ट आहे, हा विचार रुजविण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० साली चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली. १९६३ पासून तेथे प्रा. सतीश बहादूर यांनी चित्रपट-रसास्वाद हा अध्यापनाचा स्वतंत्र विषय करून दाखविला. संग्रहालय आणि संस्था यांनी मिळून चालविलेल्या रसास्वाद अभ्यासक्रमांना देशभरातून शिक्षक, पत्रकार, गृहिणी आणि विद्यार्थी येत राहिले. मराठीतूनही रसग्रहण शिबिरे भरली. याच संस्थेत शिकलेल्या अरुण खोपकर यांनी पुढे जहांगीर साबावाला यांच्यावर 'कलर्स ऑफ अबसेन्स', तसेच भूपेन खख्खर, नलिनी मलानी व विवान सुंदरम् यांच्यावर 'फिगर्स ऑफ थॉट' असे अनुबोधपट केले. त्यांच्या 'चलत्-चित्रव्यूह' या मराठी पुस्तकाला २०१५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला.

या शिकवणुकीचे सार चार साध्या कृतींत सांगता येईल. चित्रकारावरील अनुबोधपट शक्य तर दोनदा पाहावा : एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून. निवेदन आणि संगीत काढून घेतल्यावर चित्र स्वतः काय बोलते ते दुसऱ्या वेळी ऐकू येते. दुसरी कृती म्हणजे एखादे चित्र पडद्यावर थांबवून सर्वांनी दोन मिनिटे मुकाट्याने पाहावे आणि मग जे दिसले तेवढेच सांगावे. अर्थ सांगू नये. 'माणूस दुःखी आहे' असे म्हणण्याआधी 'माणसाची मान खाली आहे आणि त्याचा हात टेबलावर नुसता पडला आहे' असे म्हणावे. तिसरी, चित्राचे मूळ माप विचारावे आणि तेवढा चौकोन भिंतीवर खडूने आखावा. एवढ्या एका कृतीने वर्गातील मुलांचे डोळे विस्फारतात. चौथी कृती सर्वांत महत्त्वाची : अनुबोधपटानंतर कोणते तरी खरे चित्र प्रत्यक्ष पाहावयास जावे.

ते खरे चित्र त्याच चित्रकाराचे असेलच असे नाही. सातारा जिल्ह्यातील औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्मा यांच्या चित्रांबरोबरच विख्यात शिल्पकार हेन्री मूर यांचे शिल्पही आहे. मुंबईला गेलेल्या सहलीला राणीच्या बागेबरोबर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय दाखविता येते. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात कित्येक नवोदितांनी आपली पहिली चित्रे टांगली. तैलरंगाचा जाड थर जवळून कसा दिसतो आणि दहा पावले मागे गेल्यावर तो चेहरा कसा होतो, हे पडदा दाखवू शकत नाही. त्यासाठी पायांनाच कष्ट द्यावे लागतात.

कलावंतांनीही हे ओळखले आहे. पटवर्धन यांच्याच पुढाकाराने २००८-०९ मध्ये 'विस्तारणारी क्षितिजे' हे समकालीन भारतीय चित्रकलेचे प्रदर्शन महाराष्ट्रातील अनेक शहरांतून फिरले. महानगरातल्या दालनात लोक येत नाहीत म्हणून कुढत न बसता चित्रांनीच लोकांकडे जावे, असा तो प्रयत्न होता. चित्राने निम्मी वाट चालावी आणि प्रेक्षकाने निम्मी, हाच यातला न्याय्य सौदा होय.

पाहणाऱ्याचा हक्क

अनुबोधपट संपून दिवे लागल्यावर प्रेक्षकांत साधारणपणे तीन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. 'किती सोसले हो त्यांनी!' हा पहिला. त्यात चरित्राचे कौतुक असते, चित्राचे नसते. 'आता अर्थ कळला' हा दुसरा. त्यात समाधान असते, पण चित्राचे दार तेथेच बंद होते. तिसरा उद्गार क्वचित ऐकू येतो : 'ते चित्र पुन्हा एकदा दाखवता का?' ज्या सभागृहात हा तिसरा उद्गार उमटला, तेथे अनुबोधपटाचे काम झाले असे समजावे.

नागपूरला १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांत माणूसही नाही आणि ओळखीची वस्तूही नाही. २००१ साली ते निवर्तले. हयातीत मितभाषी म्हणून ओळखले गेलेले हे चित्रकार आज जगभर मानले जातात आणि त्यांच्या चित्रांच्या किमतींच्या बातम्या वृत्तपत्रांत ठळकपणे छापून येतात. किंमत वाचून थक्क होणारे पुष्कळ आहेत. त्यांतल्या किती जणांनी त्यांचे एक तरी चित्र दोन मिनिटे पाहिले, हा खरा प्रश्न आहे. चित्राची मालकी थोड्यांचीच असणार. पाहण्याचा हक्क मात्र सर्वांचा आहे आणि तो बजावला नाही तर आपोआप बुडतो.

शाळेतला चित्रकला शिक्षक, महाविद्यालयाचे कलामंडळ, गावातले सार्वजनिक वाचनालय आणि चित्रपट मंडळ यांनी मनात आणले तर हा हक्क बजावण्याची सोय जागोजागी होऊ शकते. एके काळी फितीची पेटी एस. टी. ने मागवावी लागे आणि प्रक्षेपण यंत्र भाड्याने आणावे लागे. आता एक संगणक, एक पांढरी भिंत आणि अर्धा तास पुरेसा आहे. उणीव आहे ती दाखविल्यानंतर गप्पांना बसणाऱ्या जाणकार माणसाची. रेखाकला परीक्षेसाठी वर्षभर मुलांचे हात घडविणाऱ्या शिक्षकाने वर्षातले चार तास त्यांच्या डोळ्यांसाठी काढले, तर 'आपल्याला बुवा कळत नाही' हे वाक्य पुढच्या पिढीच्या तोंडी येणार नाही. चित्रासमोर आल्यावर ती थोडी थांबेल, शेजाऱ्याला हळूच विचारील आणि पुढच्या वर्षी पुन्हा येईल.